उतारा वाचला

सिडको, नाशिक

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

बँकेच्या खात्याचा उतारा तू आपणहून पाठवलास, हे फार चांगलं केलंस. आईने आणि मी तो वाचला, ऑनलाइन जुगारात तुझे किती गेले ते कळलं. पैशांचं पुढे बघू. आधी तुझ्या मनातली भीती काढून टाक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने कुणापासून काही लपवू नकोस. आणि रमी कौशल्याची की नशिबाची, हा तुझा जुना वादही या कायद्याने संपवला आहे. पैसे लागले की दोन्हींना बंदी.

अंबडच्या कारखान्यात माझ्या बरोबरीची माणसं मटका लावायची. पण ओपन आणि क्लोज या मटक्याच्या दोन निकालांच्या मधले तास माणूस मशिनवर असायचा, डोकं थंड व्हायचं. तुझ्या मोबाइलवरच्या त्या रंग ओळखायच्या खेळात मिनिटाला निकाल लागतो, तोही अंथरुणात, रात्री दोनला. उताऱ्यात दिसतंच की, हरल्यावर लगेच आधीपेक्षा मोठी रक्कम भरली आहे. गेलेले वसूल करायची ही ओढ म्हणजे आजाराचं लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीतच धरते. म्हणूनच ‘मनावर ताबा ठेव’ असं मी तुला सांगणार नाही.

बंदी मला पटते, पण ती पुरेशी नाही. टेलिग्रामवरून लिंक येते, पैसे कुठल्यातरी परक्या माणसाच्या खात्यात जातात, ॲप चालवणारा परदेशात. ब्रिटनमध्ये जुगाराला परवाना आहे, पण तिथे ‘गॅमस्टॉप’ या जुगारापासून दूर राहायच्या यादीत स्वतःहून एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या माणसाला बाहेर ठेवावंच लागतं. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायलाही तिथे २०२० पासून मनाई आहे. आपल्याकडे चोरून चालणाऱ्या ॲपला कोण सांगणार, याला घेऊ नका म्हणून? सरकारने बंदीबरोबर उपचारांची सोयही गावोगाव करायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

तोवर अडसर आपणच घालायचा. पगाराचं खाते काही महिने आईबरोबर संयुक्त कर, यूपीआयची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घे, कर्ज देणारी ॲप काढून टाक. त्यांच्या वसुलीवाल्यांनी धमकावलं तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार कर, मी बरोबर आहे. आणि आजच १४४१६ ला फोन लाव. ती टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी सरकारची मोफत सेवा, मराठीत बोलतात, रात्रीही. त्यांच्याशी तू एकट्याने बोल, आम्ही काही विचारणार नाही.

शनिवारी ये. कुणाकुणाचे किती द्यायचे, ते कागदावर लिहून आण, मित्रांचे हातउसनेसुद्धा. पैसे मी तुझ्या हातात देणार नाही, ज्याचे त्याला थेट देऊ.

तुझे
बाबा