हळदीच्या गोळीला यकृताचे औषध म्हणू नका

संपादक महोदय,

‘फॅटी लिव्हर’वर, म्हणजे यकृतात चरबी साठण्याच्या आजारावर, हळदीच्या गोळ्या रामबाण आहेत असे सांगणारा आपल्या आरोग्य पुरवणीतला मजकूर वाचून हे पत्र लिहीत आहे. मी वसमत तालुक्यातला हळद उत्पादक. अक्षय्य तृतीयेनंतर बेणे लावायचे, आठ-नऊ महिने पीक सांभाळायचे, काढलेली हळद कुकरमध्ये शिजवायची, वाळवायची, ढोलात पॉलिश करायची, यातच आमच्या घराचे वर्ष जाते. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला अभिमान आहे. हळदीचा खप वाढला तर चार पैसे माझ्याही घरात येतील. तरीही माझे म्हणणे आहे की, यकृताचा आजार बरा करणारी म्हणून हळद विकली जाऊ नये.

माझा धाकटा भाऊ माळकरी आहे. दारूला त्याने कधी हात लावलेला नाही. सोनोग्राफीत ‘ग्रेड दोन फॅटी लिव्हर’ निघाले तेव्हा भावकीत कुजबुज झाली की हा चोरून पीत असणार. त्या बोलण्याने तो आजारापेक्षा जास्त खचला. त्याचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. दिवसभर बैठक, येईल त्याच्याबरोबर साखरेचा चहा, उन्हाळ्यात थंड पेयांच्या बाटल्या, जेवायला रात्रीचे दहा. पोट सुटले, रक्तातली साखर काठावर आली. गरजेपेक्षा जास्त गेलेल्या साखरेची यकृत चरबी करते आणि ती तिथेच साठत जाते. अशा फॅटी लिव्हरशी दारूचा संबंध नसतो.

मोबाइलवर कुणीतरी पाठवले म्हणून त्याने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, गोळ्या आणल्या. गोळी घेतो आहे म्हटल्यावर चालणे राहून गेले. पुढच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, उतरण्याऐवजी चढला. आणखी काय घेता, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, काहीच नाही. हळद त्याच्या लेखी औषधच नव्हती! भावजयीने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. गोळ्या बंद केल्यावर आकडा खाली आला. तो गोळ्यांमुळेच वाढला होता, असे डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत, पण पुन्हा घेऊ नका असे बजावले.

आमटी-भाजीतल्या हळदीची भीती कुणी बाळगू नये. फरक कुठे आहे तो हिशेबाने पाहा. हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन धरले तर दोन ग्रॅम हळदीतून ६० मिलिग्रॅम मिळते, आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते. पाचशे मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के कर्क्युमिन असलेल्या अर्काच्या एका गोळीत मात्र ४७५ मिलिग्रॅम असते, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम हळदीतले. वर त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की मिऱ्यातल्या पायपरीनमुळे कर्क्युमिन रक्तात सुमारे वीसपट जास्त पोचते. जाहिरातीत हाच गुण म्हणून सांगतात. पण जे जास्त पोचते ते यकृतालाच हाताळावे लागते, हे कुणी सांगत नाही.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, एक दगावला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. असा त्रास सगळ्यांना होत नाही हे खरे, पण कुणाला होईल हे डबी विकणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. इटलीत अशा रुग्णांच्या नोंदी झाल्यावर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डब्यांवर इशारा सक्तीचा केला आणि यकृताला फायदा होतो असे लिहायला मनाई केली.

उपयोग होतो असे सांगणाऱ्या चाचण्याही आहेत, त्या मी नाकारत नाही. इराणमध्ये आठ-आठ आठवड्यांच्या लहान चाचण्यांत यकृताची चरबी कमी झालेली दिसली. पण त्या शोषण वाढवलेल्या खास गोळ्या होत्या, आणि रुग्णांना आहार-व्यायामाचा सल्लाही दिलेला होता. एवढ्यावरून ‘रामबाण’ म्हणणे मला पटत नाही.

वजन पाच टक्के उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरते, असे डॉक्टरांनी भावाला समजावले. आता दुकानात त्याचा चहा बिनसाखरेचा असतो, बाटल्या बंद आहेत, संध्याकाळी ज्वारीची भाकरी लवकर खाऊन तो कालव्याच्या कडेने चालायला जातो. भावजयही जाते. सुधारणा हळूहळू आहे, पण आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्येच हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. देशात ९ ते ३२ टक्के लोकांना तो असावा, असा तेव्हाचा अंदाज होता. म्हणजे प्रत्येक आरोग्य केंद्रात कंबर आणि साखर मोजताना यकृताचीही चौकशी व्हायला हवी, आणि त्यात ‘हळदीच्या किंवा काढ्याच्या गोळ्या घेता का’ हा प्रश्न असायलाच हवा. अन्न व औषध प्रशासनाने अशा डब्यांवर ठळक मराठीत इशारा छापायला लावावा. आणि आपल्याला विनंती, की त्या मजकुराला दिली तेवढीच जागा एखाद्या यकृततज्ज्ञाला द्यावी. मधुमेह आणि स्थूलपणा असणाऱ्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झाले ते मोजणारी तपासणी, कधी करावी, हेही त्यात यावे.

आपला,
एक हळद उत्पादक शेतकरी
ता. वसमत, जि. हिंगोली