जनमत कौल आणि उल्हास बुयांव यांची गाणी

महोदय,

गाण्यांनी गर्दी जमते, राजकारण बदलत नाही, असे मत आपल्या अंकात वाचले. ते पटले नाही. माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, ‘दोन पाने’ म्हणजे वेगळा संघप्रदेश. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घर फोंड्याकडचे, पक्के मगोवाले, म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. वडिलांचा शिक्का फुलावरच पडणार, यात कुणाला शंका नव्हती. पण तेच वडील अंगणात नारळ सोलता सोलता कोकणी गायक उल्हास बुयांव यांचे विलीनीकरणाविरुद्धचे ‘गोंयच्या म्हज्या गोंयकारांनो’ गुणगुणायचे. आजी डाफरली की म्हणायचे, “आये, सूर बरो आसा.”

म्हणजे गाणे तोंडात बसले तरी वडिलांचे मत जागचे हलले नाही. इतपत तो आक्षेप खरा आहे.

आईचे मात्र वेगळे. तिला अक्षरओळख नव्हती. विलीनीकरणाविरुद्ध ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक रोज लिहीत होते, उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ सदर वाचून वडील चिडायचे. आईपर्यंत त्यातले काहीच पोचत नव्हते. तिच्यापर्यंत पोचले ते विहिरीवर बायकांच्या तोंडी आलेले गाणे. शिवाय वाद भाषेचाही होता. कोकणी ही मराठीची बोली, असे आमच्याकडे ठासून सांगितले जाई. ‘राष्ट्रमत’ला याचे उत्तर मराठीतूनच द्यावे लागत होते! बुयांव कोकणीत गात होते आणि हजारो माणसे मैदानात थंडीत बसून ऐकत होती. आपण घरात बोलतो ती भाषा अशी चारचौघांत मानाने गायली जाते, हे आईने पहिल्यांदाच अनुभवले.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. यातली किती गाण्यांची, हे कोण मोजणार? एक तरी होते. आईने ते वडिलांना शेवटपर्यंत सांगितले नाही. मला सांगितले, तेही ते गेल्यावर.

कोकणीला राजभाषेचा दर्जा मिळायला पुढे १९८७ साल उजाडले, त्यासाठी आंदोलन करावे लागले. आणि कौलानंतर दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकरच पुन्हा सत्तेवर आले. त्या खेपेला आईचाही शिक्का मगोच्या सिंहावरच होता.

– आपला एक वाचक, फोंडा