नारळ फोडायचा मान माझ्यासाठी ठेवणाऱ्या इंदूरच्या काकांना

काका, सा.न.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. परवा रात्री पावणेतीनला स्क्रीनवर दोन मूळसंख्या आल्या, एक ८१ अंकी, एक ९२ अंकी, आणि मी उठून गच्चीवर गेलो, कारण घरात सगळे झोपलेले आणि मला ओरडायचं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. एक आकडा घ्यायचा, तो स्वतः सोडून त्याच्या सगळ्या भाजकांची बेरीज करायची, उत्तराला परत तेच. १२ घेतला तर १६, १५, ९, ४, ३, १, खेळ खल्लास. २७६ घेतला तर पुढे कुठे थांबतं की थांबतच नाही, हे अजून जगात कोणालाच माहीत नाही. याला अलिकॉट सिक्वेन्स म्हणतात. पुढची पायरी चढायची तर आधी अवयव पाडायला लागतात, आणि आमच्या साखळीत छोटे अवयव काढून उरलेला तुकडाच १७२ अंकी निघाला. सहा जणांनी सीव्हिंग, म्हणजे अवयव काढायला कामाच्या संख्याजोड्या (त्यांना रिलेशन्स म्हणतात) चाळून काढायचं काम, वाटून घेतलं, पाच महिने रात्रभर पीसी चालू, वीस कोटींच्या वर रिलेशन्स जमल्या. पण सीव्हिंग वाटून घेता येतं, पण त्या रिलेशन्सचं जे अवाढव्य कोष्टक मग सोडवायचं, त्या मॅट्रिक्सचं आमच्यासारख्यांना तसं जमत नाही, तिला एकच दणकट मशीन लागतं. आणि मॅट्रिक्सधारी कोण, तर मी, ८ जीबी रॅमवाला. त्याच्या आधीच्या फिल्टरिंगलाच, म्हणजे निरुपयोगी रिलेशन्स गाळतानाच, पीसीने मान टाकली.

मी नाशिकरोडला राहतो, देवळाली इथून हाकेवर. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळणाऱ्या कापरेकर मास्तरांचं गाव, म्हटलं इथे तरी कोणाला यात गंमत वाटेल. एका कॉलेजात गेलो तर लॅबमधली मशिन्स रात्रभर बंद, पण अर्ज द्या, सही आणा, साहेब रजेवर आहेत, शेवटी "याचा इंडस्ट्रीला उपयोग काय?" अहो, १९९४ साली ६०० च्या आसपास हौशी लोकांनी घरचे नि ऑफिसचे कॉम्प्युटर जुंपून आरएसए-१२९, म्हणजे गुप्त संदेशाच्या कुलपामागचा १२९ अंकी आकडा, फोडला, तेव्हाच सगळ्यांना कळलं की कुलूप किती मजबूत लागतं ते! आणखी एकजण "करून देतो ना" म्हणाले नि तीन आठवडे गायब. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं हो.

तुम्ही ना ओळख विचारली ना उपयोग. "फाइल टाका, आमच्याकडे ६४ जीबी आहे." बस. १३ जीबी अपलोड करायला मला दोन रात्री लागल्या, आणि मग सत्तर लाख बाय सत्तर लाखाची मॅट्रिक्स तुमच्याकडे साडेतीन दिवस दळण दळत होती, भर मे महिन्यात, लाइट बिल तुमचं.

पण मला रडवलं ते तुमच्या मेलने. मी अवयवांची वाट बघत होतो आणि तुम्ही पाठवल्या दोन फाइल्स, सायकल्सची आणि डिपेन्डन्सीची, म्हणजे कुठल्या रिलेशन्स एकत्र घ्यायच्या ते सांगणाऱ्या, खाली एक ओळ: "स्क्वेअर रूट तुम्हीच करा, ८ जीबीत बसेल. मी पाहिलेलं नाही." काका, अवयव हातात देणारी शेवटची पायरी ती, तुमच्या मशीनवर तासाभराचं काम. कोणीही केलं असतं, मी पण केलं असतं, खरं सांगतो, हात आवरलाच नसता. एवढं सगळं दळून झाल्यावर उत्तर न बघता झोपायला जाणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

पहिली डिपेन्डन्सी फुकट गेली, अवयव आले नुसते १ आणि तो आकडा स्वतः. दुसरी पण तशीच. प्रत्येकीला नाणं उडवल्यासारखी फिफ्टी-फिफ्टी असते हे माहीत होतं, तरी पोटात गोळा आला. तिसरीला फुटला.

हल्ली मदत करणारे पण आधी फोटो काढतात. तुम्ही तर निकालात नाव घालायलाही नको म्हणालात, मी घातलंय, रागवा हवं तर.

पुढचा आकडा सुरू झालाय, सध्या छोटे अवयव झटपट सुटतायत. तुमचं काही सीव्हिंग असेल तर रेंज पाठवा, माझा पीसी रात्री अकरानंतर मोकळा असतो. ती डिपेन्डन्सीची फाइल आता काही कामाची नाही, पण मी डिलीट केलेली नाही. ५६ एमबी तर आहे, राहू दे.

तुमचा,
नाशिकरोडचा ८ जीबीवाला