सनईच्या नावातला सूर

महोदय,

गिरगावातील एका लग्नसमारंभात निवेदकाने ‘शहनाई’ हे नाव बादशहाच्या दरबारातील ‘नाई’, म्हणजे न्हावी, यावरून पडल्याचे सांगितले. ही आख्यायिका लोकप्रिय असली, तरी त्यातील ‘नाई’ हा फारसी ‘नाय’ असून त्याचा अर्थ बोरू किंवा त्यापासून केलेली नळी असा होतो. ‘शाह’ म्हणजे राजा हे आपण जाणतोच, पण मला अधिक मोलाचे वाटते ते याच कुळातले ‘सुर्ना’ हे जुने नाव. त्यातील ‘सूर’ हा आपला स्वरवाचक सूर नसून फारसीत त्याचा अर्थ मेजवानी, उत्सव असा सांगितला जातो. म्हणजे सुर्ना ही उत्सवाची नळी. तुर्की ‘झुर्ना’, चिनी ‘सुओना’ आणि मलय ‘सेरुनाय’ ही तिचीच भावंडे. आपण सनई मंगलवाद्य म्हणून चौघड्यासोबत दारी वाजवतो, तेव्हा नकळत तोच मूळ अर्थ जपत असतो. लग्नातील निवेदकांनी न्हाव्याच्या गोष्टीऐवजी ही व्युत्पत्ती सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई