शाळा बघायला जाल तेव्हा मावशींचा पगारही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की सगळ्याच पेपरांत शाळा कशी निवडावी यावर लेख येतात. बोर्ड कुठलं, बस आहे का, सीसीटीव्ही आहे का, एका वर्गात मुलं किती, ग्राउंड केवढं, हे सगळं विचारा म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण इथे शिक्षक किती वर्षं टिकतात, त्यांना पगार वेळेवर होतो का, हे विचारा असं मी तरी अजून कुठे वाचलं नाही. म्हणून हे पत्र.

माझी नात नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका छोट्या वाल्डॉर्फ शाळेत जाते. शाळेचं नाव देत नाही, कारण कौतुक केलं तर जाहिरात वाटेल आणि पुढे थोडी तक्रार पण आहे. मी स्वतः सातपूर एमआयडीसीत आयुष्य काढलं, युनियनचं काम केलं, त्यामुळे कुठेही गेलो की माझी नजर आधी तिथे काम करणाऱ्या माणसांकडे जाते, सवय आहे, आता काय करणार. मुलगा आणि सून शाळेत जाऊन भिंतींचे रंग, लाकडी खेळणी, प्लास्टिक नाही, स्क्रीन नाही हे बघून आले आणि खुश झाले. मी मात्र गेटवरच्या काकांशी आणि स्वयंपाकघरातल्या मावशींशी गप्पा मारून आलो.

आता या शाळांची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथे एकच क्लास टीचर पहिलीपासून आठवीपर्यंत त्याच मुलांबरोबर वर चढत जातो, म्हणजे निदान मूळ कल्पना तरी तशी आहे. सकाळी दाराशी उभं राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवून त्याला आत घेतात, मग पहिले जवळपास दोन तास एकच विषय, आणि तोच विषय तीन-चार आठवडे चालतो. खालच्या वर्गांना छापील पुस्तकं जवळजवळ नसतातच, मुलं स्वतःच्या वह्या लिहून-रंगवून स्वतःचं पुस्तक तयार करतात. म्हणजे गाईड नाही, स्मार्ट बोर्ड नाही, पब्लिशरनी दिलेला टीचर मॅन्युअल नाही, जे काय आहे ते त्या बाईच्या डोक्यातून आणि हातातून यायचं. फळ्यावर रंगीत खडूंनी अख्खं चित्र काढायचं आणि तो विषय संपला की पुसून टाकायचं. अक्षरं पण चित्रातून शिकवायची, तर रोमन अक्षरांची चित्रं जर्मन आणि इंग्रज शिक्षकांनी कधीच शोधून ठेवली आहेत, आपल्या देवनागरीची इथल्या ताईंनाच, म्हणजे शिक्षिकांनाच, रात्री बसून शोधावी लागतात. दुसरीत संतांच्या गोष्टी असतात, तिकडे युरोपातले संत, इथे आमच्या ताईंनी मुक्ताबाई आणि नामदेव घेतले, आणि गोष्ट वाचून दाखवायची नाही, पाठ करून डोळ्यात डोळे घालून सांगायची. शिवाय पाचवीच्या इतिहासाची सुरुवात या लोकांकडे मुळातच प्राचीन भारतापासून आहे, म्हणजे नाशिककरांना तर काय, पंचवटी पण इथेच आणि बुद्धाचं सांगायचं झालं तर पांडवलेणी पण इथेच.

हे सगळं करून वर मार्कशीट नाही, प्रत्येक मुलाबद्दल वर्षाच्या शेवटी पानभर लिहायचं. दर आठवड्याला सगळ्या शिक्षकांची मीटिंग, त्यात एकेका मुलावर चर्चा. मुलांनी स्वेटर विणायचा, मुलगा असो की मुलगी, तर आधी ताईंना आणि दादांना विणता आलं पाहिजे. बासरी यायला पाहिजे. बी.एड. किंवा डी.एड. तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमाप्रमाणे लागतंच, ते झाल्यावर वाल्डॉर्फचं ट्रेनिंग वेगळं, ते सरकार दरबारी कुणी धरत नाही, त्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीत कधी मुंबई, कधी हैदराबाद, आणि बऱ्याच जणी ते स्वतःच्या खिशातून करतात.

बालवाडीचं तर अजून वेगळं. या पद्धतीत सात वर्षांपर्यंत मूल नक्कल करून शिकतं असं मानतात, म्हणून लिहायला-वाचायला बसवत नाहीत, मोठ्या माणसांनी समोर खरी कामं करायची आणि मुलांनी बघत बघत त्यात हात घालायचा. कणीक मळणं, भाजी निवडणं, झाडणं, कपडा शिवणं. आता मला सांगा, शाळेत दिवसभर खरं काम करणारं माणूस कोण? मावशी! आमच्याकडच्या मावशी पेठ तालुक्यातल्या आहेत, त्यांच्या नागलीच्या भाकरीसमोर पोरं अशी मांडी घालून बसतात की आमच्या सुनेला घरी एक घास भरवायला अर्धा तास लागतो ते खोटं वाटावं. त्या गात गात जात्यावर दळतात आणि पोरं खुंट्याला हात लावून फिरतात. म्हणजे या शाळेच्याच हिशोबानं मावशी म्हणजे टीचर झाल्या की नाही? मग पगारपत्रकात त्यांचं नाव सगळ्यात खाली का? पालक मीटिंगला त्या चहा देतात आणि बाहेर जातात, आत बसायला त्यांना कुणी सांगत नाही.

आता तक्रार. नात तिसरीत असताना तिच्या ताई मध्येच सोडून गेल्या, एका मोठ्या इंटरनॅशनल शाळेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पालकांनी काय काय लिहिलं, कमिटमेंट नाही, पैशासाठी गेल्या, मुलांचा विचार केला नाही. मला फार राग आला. बाईंच्या नवऱ्याची नोकरी अंबडच्या ज्या कंपनीत होती तिथे ले-ऑफ झालेला, घराचा हप्ता डोक्यावर, आणि तिकडे जवळपास दुप्पट पगार. आपण कंपनी बदलतो तेव्हा पेढे वाटतो आणि शिक्षिकेनं बदलली की गद्दार? पण पोरीचं नुकसान झालं हेही खरंच आहे, नवीन ताईंशी ती कितीतरी दिवस सकाळी हात मिळवायची नाही, बाजूनं सटकून आत जायची. साध्या शाळेत दर वर्षी टीचर बदलतातच त्यामुळे मुलांना काही वाटत नाही, इथे आठ वर्षांचं नातं सांगून मूल घेतलेलं असतं आणि ते अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर उभं असतं. असं कसं चालेल?

युनियनवाला आहे म्हणून कायद्याचं पण बोलतो. मान्यताप्राप्त खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा कायदा आहे, एमईपीएस म्हणतात तो, 1981 चे त्याचे नियम आहेत, त्यात वेतनश्रेणी, नेमणूक, कामावरून काढायचं तर काय करायचं सगळं आहे. ग्रॅच्युइटी शिक्षकांना सुद्धा लागू आहे, 1997 पासूनची, शाळावाले त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि 2022 मध्ये तिथेही हरले. सलग पाच वर्षं झाली की हक्क तयार होतो, म्हणजे आठवीपर्यंत वर्ग नेणाऱ्या ताईला मिळायलाच पाहिजे. पीएफचा कायदा मात्र वीस माणसांपासून पुढे सक्तीचा, आणि छोट्या शाळेत शिक्षक, मावशी, काका सगळे मोजले तरी कधी कधी वीस भरत नाहीत. पण वीसपेक्षा कमी असले तरी दोन्ही बाजूंनी मिळून स्वतःहून पीएफ सुरू करता येतो, त्याची सोय आहे, फक्त कुणी विचारत नाही.

आणि गंमत बघा, ही शाळेची पद्धत जन्मालाच आली कारखान्यातून. 1919 साली जर्मनीत श्टुटगार्टला वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया नावाची सिगारेटची फॅक्टरी होती, तिचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या पोरांसाठी रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताला शाळा काढायला लावली. सप्टेंबरात शाळा सुरू झाली, अडीचशेच्या वर मुलं, त्यातली बहुतेक त्या कामगारांचीच, शिक्षक बाराच्या आसपास, आणि त्यांची तयारी शाळा उघडायच्या आधी दोन आठवड्यांत करून घेतली. खर्चाचा मोठा भार मोल्ट आणि त्यांच्या कंपनीनं उचलला. हेडमास्तर ठेवला नाही, शिक्षकांनीच मिळून शाळा चालवायची असं ठरलं. आज नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगाराचा पोरगा या शाळेच्या फीकडे बघून गेटवरनंच परत फिरेल, ते वेगळं दुःख आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

मी काही स्टायनरचा भक्त नाही हेही सांगून टाकतो. वंशांबद्दल त्यानं लिहिलेलं काही काही आज वाचवत नाही, जर्मनीतल्या वाल्डॉर्फ शाळांच्या संघटनेला 2007 मध्ये आम्ही कुठलाही वंशभेद मानत नाही असं जाहीर निवेदन काढावं लागलं. इथल्या काही पालकांना तर तो नवीन महाराज सापडल्यासारखं झालंय. पण शाळा त्याच्या फोटोवर चालत नाही, ती चालते रात्री अकराला नागलीच्या गोष्टीसाठी चित्र काढत बसलेल्या ताईवर आणि सकाळी पहिली बस पकडून येणाऱ्या मावशीवर, आणि कुंभमेळ्याच्या कामांमुळे खोदलेल्या रस्त्यांतून पोरं वेळेवर आणणाऱ्या व्हॅनवाल्या काकांवर.

तर पालकांना माझं सांगणं एवढंच की शाळेत गेलात की ऑफिसात बसून चार गोष्टी सरळ विचारा. आठवीच्या वर्गाला पहिलीपासून तेच ताई-दादा आहेत का, नसतील तर आधीचे कधी आणि का गेले, कर्मचाऱ्यांना पीएफ आहे का, आणि फीमधला किती हिस्सा पगारावर जातो. शाळा चिडली तर चिडू द्या. आमच्या शाळेत पुढच्या महिन्यात पालकसभा आहे, त्यात मावशींना आत बसवायचं आणि पगारासाठी फी थोडी वाढवावी लागली तर वाढवा असं मी लेखी देणार आहे. मुलाला हे अजून सांगितलेलं नाही, फी तोच भरतो.

आपला,
एक वाचक आजोबा,
सातपूर, नाशिक