आगीत धावून आलेल्यांचे आभार

परवा दुपारी येडशीच्या डोंगराकडून वाळल्या गवताची आग आमच्या शिवारात उतरली. 101 ला फोन लावला. गाडी निघाली, पण शहरातून यायला वेळ लागणारच. राज्यघटनेच्या 12व्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचं काम. पंचायतींच्या 11व्या अनुसूचीत ते नाहीच. म्हणजे घरपट्टी भरा नाहीतर नका भरू, गावाला बंब नाही. (आम्ही भरलीय, पावती आहे.)

म्हणून तुम्हालाच हात जोडतो. लिंबाचे डहाळे घेऊन, धूर खात गवत झोडपणारी पोरं. द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर पाण्यानं भरून आणलेले दादा. आणि कडब्याच्या गंजीभोवती नांगराचे चार तास (चर) मारून, नाव न सांगता गेलेले ट्रॅक्टरवाले. त्या उलटलेल्या काळ्या मातीपाशी येऊन आग थबकली. जनावरांचा उन्हाळा वाचला हो!

वन खात्याचे रोजंदारीवरचे दोन मजूर रात्री अकरापर्यंत धुमसती खोडं विझवत होते. त्यांना आम्ही नुसता चहा पाजू शकलो, याची लाज वाटते.

डाव्या पायाची एक चप्पल, अर्धी वितळलेली, गोठ्यापाशी राहिलीय. ज्याची असेल त्यानं यावं, नवा जोड घेऊन देतो.