पडदा आईकडे वळवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

आईच्या मेंदूच्या अँजिओग्राफीचा ऑपरेशननंतर एक वर्षाने आलेला अहवाल गेल्या आठवड्यात आपण वाचून दाखवलात, तेव्हा माझ्या तोंडून ‘बरं’ एवढाच शब्द निघाला. दवाखान्यात जे बोलता आले नाही ते इथे लिहीत आहे, आणि ते चारचौघांत लिहिण्याचे कारण एवढेच की, आपल्याकडे पोहोचण्यापूर्वीचे सहा महिने आमच्या घराने कसे काढले, हेही चारचौघांनी वाचावे असे मला वाटते.

आईच्या डाव्या डोळ्यापुढे अंधारी येत होती. एके ठिकाणी तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलण्यात आला आणि ‘वयाप्रमाणे होतंच’ असे सांगण्यात आले. त्या वेळी आईचे वय अठ्ठावन्न होते. पुढे एमआरआयमध्ये डोळ्यामागच्या धमनीवर १९ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, दिसला. तो ज्यांना प्रथम दाखवला, त्यांनी आईला बाहेर बाकावर बसवले, आम्हा भावांना आत घेतले आणि डोक्यात टाइम बॉम्ब आहे, उद्या सकाळपर्यंत पैसे भरा, असे सांगितले. उपचाराचे आणखी काही मार्ग आहेत का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, उलट घड्याळाकडे पाहिले गेले. दाराच्या काचेतून आमचे चेहरे पाहून आईने स्वतःच काय तो निष्कर्ष काढला होता आणि घरी येऊन तिने दागिन्यांची वाटणी सांगायला घेतली. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आपल्या खोलीतही सवयीने आईच उठून बाहेर जाऊ लागली. आपण तिला थांबवलेत, स्वतःची खुर्ची तिच्या बाजूला ओढलीत आणि आमच्याकडे असलेला संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवलात. ‘मावशी, फुगा तुमचा आहे, आधी तुम्ही बघा,’ असे आपण म्हणालात. आम्हाला पडद्याची मागची बाजू आणि लोंबणाऱ्या वायरी तेवढ्या दिसत होत्या. ऑपरेशनसाठी आभार मानणारे आपल्याला पुष्कळ भेटत असतील. मी मात्र प्रथम त्या वळवलेल्या पडद्याचे आभार मानतो.

पुढचा पाऊण तास आपण टक्केवारी न सांगता शंभर बायकांचा हिशेब सांगितलात. पुढच्या भागातील धमन्यांवर १३ ते २४ मिलिमीटरचे फुगे असलेल्या शंभरजणी घेतल्या, तर पाच वर्षांत साधारण चौदा-पंधराजणींचा फुगा फुटतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले होते. म्हणजे धोका मोठा होता, पण ‘उद्या सकाळपर्यंत’चा नव्हता. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावता येते, परंतु आईच्या फुग्याची मान रुंद होती आणि दृष्टीची नस त्याला चिकटून होती. आत प्लॅटिनमच्या तारांची कॉइल भरता येते, परंतु मोठ्या फुग्यात ती कालांतराने दबते आणि रक्ताला पुन्हा वाट मिळते. तिसरा मार्ग धमनीच्या आतून बारीक विणीची जाळी बसवण्याचा, म्हणजे फ्लो डायव्हर्टरचा होता. अशा जाळीला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. तिच्या १०८ रुग्णांच्या अभ्यासात फुग्यांचा सरासरी आकार १८ मिलिमीटर होता आणि तपासलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के फुगे वर्षभरात पूर्ण बंद झाले होते.

त्याच दमात आपण हेही सांगितलेत की, त्या अभ्यासात शंभरांतील पाच-सहाजणांना मोठा पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला, आणि जाळी बसवली तरी फुगा बंद होईपर्यंत फुटण्याची भीती राहतेच. एवढे सांगून आपण गप्प बसलात. मी मध्ये बोलू लागलो, तेव्हा हातानेच मला थांबवलेत.

आईने तीस वर्षे कोल्हापुरी चपलांच्या वेण्या विणल्या आहेत. नमुन्याची जाळी बोटांनी चाचपून ती म्हणाली, ‘वीण घट्ट हाय. ह्यातनं रगात आत जाणार न्हाई?’ थोडे जाईल, मग आतल्या आत गोठेल, वरून नवे अस्तर धरेल, असे आपण उत्तर दिलेत. ‘मग हेच करू या,’ हा निर्णय तिचा होता.

ऑपरेशनच्या दिवसाविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही, कारण मी जिन्यात बसून होतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आधीपासून सुरू झाल्या होत्या आणि एकही दिवस चुकवायची नाही, हा आपला दंडक आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारून पाळला. सहा महिन्यांनी फुग्यात थोडे रक्त शिरताना दिसले, तेव्हाही आपण ते पडद्यावर प्रथम तिलाच दाखवलेत. आता तो पूर्ण बंद झाला आहे. डाव्या डोळ्याच्या कडेला अजून अंधूक दिसते, ते कदाचित तसेच राहील, हे आपण आधीच सांगितले होते. त्यामुळे त्याचे तिला दुःख असले तरी फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

माणसाला त्याच्याच आजाराविषयी विचारण्याच्या या साध्या सभ्यतेला काही खर्च येत नाही, तरी ती इतकी दुर्मीळ का असावी, हा प्रश्न मी येता-जाता रंकाळ्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला विचारतो आणि लोक आता मला पाहून वाट बदलू लागले आहेत.

आई पुन्हा वेण्या विणू लागली आहे, उजेडाच्या खिडकीशी बसून, पूर्वीपेक्षा सावकाश. आपण भेटवस्तू घेत नाही हे तिला ठाऊक आहे. तरीही एक जोड तिने बाजूला काढून ठेवला आहे. तपासणीच्या वेळी आपल्या बुटांकडे पाहून तिने नऊ नंबर असा अंदाज बांधला आहे, तो चुकला असल्यास तळ शिवण्यापूर्वी कृपया कळवावे.

आपला ऋणी,
एका वेणी विणणाऱ्या बाईचा मुलगा
सुभाषनगर, कोल्हापूर